वसई बेटाची सहल

सुट्टी जवळ आली की घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. एखादे बेट पाहावे, अशी हौस पुष्कळांना असते. नकाशा उघडताच कोणी अंदमानावर बोट ठेवतो, कोणी लक्षद्वीपावर, तर कोणी दूरच्या श्रीलंकेवर. निळे पाणी, वाळूचा किनारा, नारळी-पोफळींची दाट छाया आणि लाटांशी झुंजणारा एखादा जुना दुर्ग, असे बेटाचे चित्र प्रत्येकाच्या मनात असते. हे सारे ज्याच्या ठायी एकत्र नांदते असे एक बेट मुंबईच्या उत्तरेस, आगगाडीच्या वाटेवरच आहे. त्याचे नाव वसई.

वसईच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे. दक्षिणेस उल्हास नदीचे मुख, म्हणजेच वसईची खाडी आहे. उत्तरेस वैतरणा नदी समुद्राला मिळते. पूर्वेच्या बाजूने सोपाऱ्याची अरुंद खाडी या दोन जलाशयांना जोडीत असे, आणि त्यामुळे वसईचा सारा प्रदेश चोहोंकडून पाण्याने वेढला गेला होता. कालांतराने ही खाडी गाळाने भरत गेली. तिच्यावरून रस्ते गेले, तिच्या काठी वस्ती दाटली. आज विरारला किंवा नालासोपाऱ्याला उतरणाऱ्या प्रवाशाला आपण एका प्राचीन बेटाच्या उंबरठ्यावर आलो आहोत, याची कल्पनाही नसते. २००९ साली येथील चार नगरे व अनेक गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हापासून हा प्रदेश पालघर जिल्ह्यात मोडतो.

बेट म्हटले की चहूकडे पाणी आलेच. परंतु ते पाणी खारे. त्याने तहान भागत नाही, त्यावर शेत पिकत नाही. म्हणून कोणत्याही बेटावर पाऊल ठेवताना जाणत्या प्रवाशाने एक प्रश्न मनात बाळगावा. येथील माणसे गोडे पाणी कोठून आणतात? हा प्रश्न सोबत असला, म्हणजे बेटावरील प्रत्येक स्थळ आपण होऊन बोलू लागते.

मुंबईहून येणारी गाडी भाईंदर सोडते आणि खाडीवरील पुलावर चढते. खाली भरतीचे पाणी पसरलेले असते. मध्येच एक हिरवे बेट लागते आणि गाडी पुन्हा दुसऱ्या पुलावर जाते. हे पांजू बेट. दिवसभर शेकडो गाड्या या बेटावरून धडधडत जातात. पण तेथे स्थानक नाही. डोक्यावरून आगगाडी जात असूनही पांजूच्या रहिवाशांचा नित्याचा मार्ग होडीचाच राहिला. वसईच्या सहलीतील हे पहिले दृश्य डब्याच्या खिडकीतूनच दिसते आणि क्षणभरात मागे पडते.

सहलीचा आरंभ विरारच्या जीवदानीच्या डोंगरावरून करावा, हे उत्तम. हजाराहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर जीवदानी देवीचे मंदिर लागते. दर्शन घेऊन पश्चिमेकडे तोंड केले, म्हणजे सारे बेट एखाद्या उठावाच्या नकाशाप्रमाणे समोर पसरलेले दिसते. पायथ्याशी इमारतींची दाटी आहे. तिच्यापलीकडे केळी, नारळी आणि भाजीपाल्याच्या वाड्यांचा हिरवा पट्टा आहे. त्याही पलीकडे वाळूची रेघ आणि मग समुद्र. उजव्या हातास वैतरणेचे रुंद मुख चकाकते आणि त्याच्या तोंडाशी एक लहानसा काळसर ठिपका दिसतो. ते अर्नाळ्याचे बेट. डोंगर, शहर, वाडी आणि समुद्र यांचा हा क्रम ध्यानात ठेवावा. डोंगरावर पडणारा पाऊस आणि समुद्राचे खारे पाणी यांच्यामध्ये ही सारी वस्ती वसली आहे.

डोंगर उतरून प्रवाशाने सोपाऱ्याला जावे. आज ज्या गावाला नालासोपारा हे नाव चिकटले आहे, ते एके काळी शूर्पारक या नावाने प्रसिद्ध असलेले मोठे बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक खलाशाने आपल्या सागरी मार्गांचे वर्णन लिहून ठेवले. त्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांमध्ये या गावाचा उल्लेख आहे. उघड्या समुद्रावर पावसाळी वारे उसळत असताना गलबतांना आत, शांत खाडीत आसरा मिळे. खाऱ्या पाण्याने सोपाऱ्याला वैभव दिले ते असे. पुढे खाडी गाळाने भरली आणि बंदराचे वैभवही ओसरले.

सोपाऱ्यास एका उंचवट्याला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा तो विटांचा बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. स्तूपाच्या गर्भात एक दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक होता आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती मांडलेल्या होत्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या करंडकात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या करंडकात सोन्याचा करंडक होता. सर्वांत आतल्या या सोन्याच्या डबीत रत्ने नव्हती. मातीच्या भांड्याचे काही तुकडे होते. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून भक्तांनी इतक्या आदराने जपले होते. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही सापडले.

त्याच वर्षी सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही मिळाला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ब्राह्मी लिपीतील हा तुकडा अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा आहे, आणि प्रवासाला निघालेल्या माणसाने त्याचा आशय अवश्य समजून घ्यावा. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. शिकार आणि इतर करमणूक हाच त्या यात्रांचा हेतू असे. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी ही रीत बदलली आणि धर्मयात्रा सुरू केली. वृद्धांची भेट घ्यावी, साधुसंतांना दान द्यावे, गावोगावच्या लोकांना भेटावे आणि त्यांच्याशी धर्माविषयी बोलावे, हे त्या यात्रेचे स्वरूप होते. अशा यात्रेत आपणास अधिक आनंद लाभतो, असे त्या लेखात सांगितले आहे. पुढे १९५६ साली भुईगाव येथे नवव्या आज्ञालेखाचाही एक तुकडा सापडला.

अशोकाची ही शिकवण वसईच्या वाड्यांत फिरताना विशेष उपयोगी पडते. कारण तेथे पाहण्यासारखे जे आहे, ते तेथील माणसांना विचारल्यावाचून दिसत नाही. सोपाऱ्याहून पश्चिमेकडे निघाले, म्हणजे निर्मळ, भुईगाव, गास, आगाशी अशी गावे लागतात. रस्ते अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंना वाड्या आहेत. केळी, विड्याची पाने, चाफा, मोगरा आणि नाना प्रकारच्या भाज्या येथे पिकतात आणि मुंबईच्या बाजारात जातात. आगाशीची राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी तर आपल्या मधुर चवीसाठी प्रसिद्ध आहेत. या गावांत वाडवळ, सामवेदी ब्राह्मण, सामवेदी ख्रिस्ती, कोळी, भंडारी असे अनेक समाज शेजारधर्माने राहतात. सामवेदींची कादोडी बोली कानावर पडली, तर पाहुण्याला ती प्रथम परकी वाटते. पण थोडे कान देऊन ऐकल्यास तिच्यातील मराठीचा ओलावा जाणवतो. निर्मळ येथे पवित्र तळे आहे. कार्तिक वद्य एकादशीला तेथे मोठी यात्रा भरते. त्याच गावात ख्रिस्ती मंदिरही आहे.

समुद्र इतक्या जवळ असता हिरव्या वाड्या कशा फुलतात? याचे उत्तर वाडीच्या कडेला असलेल्या एका साध्या खड्ड्यात आहे. त्याला येथील लोक ‘बावखल’ म्हणतात. बावखल विहिरीपेक्षा रुंद आणि तळ्यापेक्षा लहान असते. त्याला बांधीव काठ नसतो. भोवती माड आणि इतर झाडे असतात. पावसाळ्यात ते काठोकाठ भरते. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परंतु तो चारच महिन्यांत पडून समुद्राला मिळू पाहतो. बावखल त्याला थांबविते. साठलेले पाणी हळूहळू जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना वर्षभर पाझर मिळतो. पूर्वी बैलांच्या साहाय्याने रहाट फिरवून हे पाणी पाटात सोडीत. रहाटाच्या कुरकुरीने गावाची सकाळ होई. आता रहाटाची जागा विजेच्या पंपाने घेतली आहे.

जमिनीखाली जे घडते, तेही समजून घेण्यासारखे आहे. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा किंचित हलके असते. त्यामुळे जमिनीत मुरलेला पाऊस खोलवरच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. समुद्राच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची एक हात असेल, तर त्या पातळीच्या खाली त्याचा साठा सुमारे चाळीस हात असतो, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. एवढ्या मोठ्या देणगीचा व्यवहार मात्र दोन्ही बाजूंनी चालतो. वरचे एक हात पाणी अविचाराने उपसले आणि त्याची भरपाई झाली नाही, तर खालचे खारे पाणी तितक्याच पटीने वर चढू लागते. एकदा विहीर खारी झाली, की तिला पुन्हा गोडी येण्यास अनेक पावसाळे लागतात.

हे संकट काल्पनिक नाही. शहर वाढले, जमिनीला मोल आले आणि अनेक बावखले भराव टाकून बुजविण्यात आली. खड्डा बुजविणाऱ्याला घरापुरती सपाट जागा मिळाली. परंतु पावसाने आपली जागा गमावली. पाणी मुरावयाचे थांबले, उपसा मात्र वाढत गेला. समुद्रालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ झाले. या प्रश्नाची जाण ज्यांना वेळीच आली, त्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने लोकांना संघटित केले. त्या चळवळीचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. ते धर्मगुरू होते आणि मराठीचे नामवंत लेखकही होते. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. वसईचा हिरवा पट्टा आज जेवढा उरला आहे, त्यात अशा माणसांच्या कष्टांचा वाटा आहे.

वाड्यांची शीतल छाया मागे टाकून दक्षिणेच्या टोकाला गेले, म्हणजे वसईचा किल्ला लागतो. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यांनी येथे तटबंदीचे संपूर्ण नगरच उभे केले. त्यात बालेकिल्ला, वाडे, मठ आणि अनेक ख्रिस्तमंदिरे होती. आज छपरे कोसळली आहेत. पण दगडी कमानी, उंच मनोरे आणि भिंतींवर चढलेल्या वडा-पिंपळांची मुळे पाहताना त्या नगराच्या ऐश्वर्याची कल्पना येते. किल्ल्याला दोन मुख्य दरवाजे आहेत. एक जमिनीकडे उघडतो, दुसरा बंदराकडे. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी व दलदल असल्याने शत्रूला वाट मिळे ती जमिनीच्याच बाजूने.

तीच वाट चिमाजी अप्पांच्या सैन्याला धरावी लागली. १७३७ साली मराठ्यांची वसईची मोहीम सुरू झाली आणि १७३९ च्या उन्हाळ्यात तिने निकराचे रूप धारण केले. तोफांच्या माऱ्याखाली मराठ्यांनी तटापर्यंत खंदक नेले आणि बुरुजांखाली सुरुंग पेरले. दोन्ही बाजूंची अपार हानी झाली. अखेर सान सेबास्टियन बुरुज सुरुंगाने फुटला आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला खाली करण्याचे मान्य केले. शरण आलेल्या सैन्याला शस्त्रे आणि कुटुंबीय यांसह बाहेर पडण्याची मुभा विजेत्यांनी दिली. रणात कठोर आणि विजयात उदार अशा या वर्तनाचे स्मरण किल्ल्यातील चिमाजी अप्पांच्या पुतळ्यासमोर उभे राहून अवश्य करावे.

वसईच्या विजयाचा नाद दूरवर पोहोचला, तोही खऱ्या अर्थाने. येथील ख्रिस्तमंदिरांतील घंटा मराठ्यांनी नेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे. म्हणजे देवळापेक्षा घंटाच जुनी! पुढे याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून मराठी राज्याचे स्वातंत्र्य गहाण टाकले. एकाच गावाने विजयाचा आणि पारतंत्र्याचा, असे दोन्ही दिवस पाहिले.

किल्ल्यातून फिरताना तटाची उंची पाहावी, तशाच आतील विहिरी आणि नागेश्वर मंदिराजवळचे तळेही पाहावे. तट कितीही भक्कम असला, तरी आत गोडे पाणी नसेल, तर वेढ्यात अडकलेले सैन्य चार दिवस तग धरू शकत नाही. बंदराच्या दरवाजाबाहेर किल्लाबंदर आणि पाचूबंदर या कोळीवस्त्या आहेत. तेथे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात आणि किनाऱ्यावर होड्यांची डागडुजी चाललेली असते. भाईंदरहून वसईला येण्यासाठी वाहने वाहून नेणारी बोटसेवा २०२४ साली सुरू झाली. पुलाच्या युगातही खाडी पुन्हा वाट झाली.

सहलीचा अखेरचा टप्पा अर्नाळा हा होय. वसईला आपण बेट आहोत याचा विसर पडला. अर्नाळ्याला तो पडणे शक्य नाही. आगाशीवरून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर यावे आणि होडीत बसावे. थोड्याच वेळात होडी बेटाला लागते. बेटावरील किल्ला चौकोनी असून त्याचे दगडी तट अजून भक्कम आहेत. १७३७ साली तो मराठ्यांच्या हाती आला. मुख्य दरवाजावर हत्ती आणि सिंह यांची शिल्पे आहेत, आणि पहिल्या बाजीरावांचे नाव असलेला शिलालेख आहे. मुख्य किल्ल्यापासून काही अंतरावर एक गोल बुरुज एकटाच पहारेकऱ्यासारखा उभा आहे. वैतरणेच्या मुखातून आत शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर येथून नजर ठेवता येई.

किल्ल्याच्या आत गेल्यावर प्रवासी थबकतो, तो अष्टकोनी तळ्यापाशी. दगडी पायऱ्या उतरत गेलेल्या असतात आणि खाली पाणी स्थिर असते. तटाबाहेर लाटा खडकांवर आदळत असताना आत, अगदी हाकेच्या अंतरावर, हे गोडे पाणी साठविले आहे! ज्यांनी हा किल्ला बांधला, त्यांनी तोफांइतकाच विचार तळ्याचा केला होता. बेटावर कोळी बांधवांची वस्ती आहे आणि मासेमारी हा तिचा मुख्य व्यवसाय आहे. अलीकडच्या काळात समुद्राने किनारा खाऊन त्यांची घरे धोक्यात आणली आहेत. पावसाळ्यातील मोठ्या भरतीच्या रात्री या वस्तीला डोळ्यांत तेल घालून काढाव्या लागतात. पाहुण्याला जी लाट मौजेची वाटते, ती येथील माणसाच्या अंगणापर्यंत येते, हे विसरून चालणार नाही.

सोपाऱ्याची खाडी, वाडीतले बावखल, वसईच्या किल्ल्यातील विहिरी आणि अर्नाळ्याचे तळे ही चार स्थळे निरनिराळ्या काळांतील आणि निरनिराळ्या लोकांच्या हातची आहेत. खाऱ्या पाण्याने येथे व्यापारी आणले, आक्रमक आणले आणि मासळीही आणली. परंतु माणसाला या भूमीवर वस्ती करता आली, ती गोड्या पाण्याच्या बळावर. किल्ल्याचे रक्षण कायद्याने होते, स्तूपाचे अवशेष संग्रहालये जपतात. बावखलाला मात्र तट नाही आणि पहारेकरीही नाही. त्याचे महत्त्व जाणणारी माणसे हाच त्याचा तट. वसईला जाणाऱ्या प्रत्येक मुलाने किल्ल्याच्या बुरुजावर अवश्य चढावे, आणि परतण्यापूर्वी एखाद्या वाडीत जाऊन, तेथील आजोबांना नमस्कार करून विचारावे, “आजोबा, तुमचे बावखल कोठे आहे?” ती वाट दाखविताना त्यांच्या मुद्रेवर जो आनंद उमटेल, तोच अशोकाने धर्मयात्रेत अनुभविला असावा.

स्वाध्याय

१. वसई हे पूर्वी बेट कसे होते, ते चार दिशांच्या आधारे सांगा.
२. विहारयात्रा आणि धर्मयात्रा यांतील भेद तुमच्या शब्दांत लिहा.
३. बावखल बुजविल्याने विहिरीचे पाणी खारे का होते?
४. ‘रणात कठोर आणि विजयात उदार’ हे वर्णन कोणाचे व कोणत्या प्रसंगावरून केले आहे?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : तग धरणे, डोळ्यांत तेल घालणे, कान देणे, गहाण टाकणे.
६. तुमच्या गावातील जुनी विहीर, तळे किंवा बारव पाहा. ती कोणी बांधली, तिचे पाणी आज कोण वापरतो, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा-बारा ओळी लिहा.